दोराच्या टोकाशी : नौकेमागे ओढल्या जाणाऱ्या मनुष्याची सुरक्षितता

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सीमेवर मिसिसिपी नदीचे पात्र रुंदावून एक विस्तीर्ण सरोवर झाले आहे. त्यास लेक पेपिन असे म्हणतात. त्याच्या काठावरील लेक सिटी या गावी १९२२ च्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युएलसन नावाचा एक तरुण विलक्षण खटाटोप करीत होता. लाकडी स्की पायांस बांधून बर्फावरून घसरता येते, मग पाण्यावरून का घसरता येऊ नये, असा प्रश्न त्यास पडला होता. त्याने प्रथम पिंपाच्या फळ्या वापरून पाहिल्या, नंतर बर्फावरचे स्की वापरून पाहिले. परंतु प्रत्येक वेळी तो पाण्यात कोसळला. शेवटी पाइनच्या लाकडाच्या सुमारे आठ फूट लांबीच्या दोन फळ्या त्याने घेतल्या, त्यांची टोके आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून मऊ केली आणि वर वळविली. ओढण्यासाठी खिडकीच्या चौकटीत वापरतात तशी दोरी घेतली व तिच्या टोकास लोखंडी कडी बांधली. नौका त्याचा भाऊ बेन चालवीत असे. अनेक अपयशांनंतर २ जुलै १९२२ रोजी, म्हणजे आपल्या एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, अंग मागे झुकवून व फळ्यांची टोके पाण्याबाहेर ठेवून तो पाण्यावर उभा राहिला. वॉटर स्कीइंग या खेळाचा प्रारंभ येथून मानला जातो.

पुढे या खेळाचा झपाट्याने प्रसार झाला. १९३९ मध्ये अमेरिकेत त्याची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये त्याची प्रात्यक्षिके दाखविण्यात आली. मूळ कल्पनेला अनेक फाटेही फुटले. फुगविलेल्या रबरी ट्यूबवर बसवून माणसास ओढतात. केळ्याच्या आकाराच्या लांबट फुग्यावर पाच-सहा जणांना एकामागे एक बसवितात. हवाईछत्री बांधून त्यास आकाशात चढवितात. गोव्याच्या किनाऱ्यांवर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण-तारकर्लीकडे सुटीच्या दिवसांत हे खेळ हजारो लोक खेळतात. त्यांपैकी पुष्कळांना पोहता येत नाही, आणि त्यांच्यात लहान मुलेही असतात.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. सायकलस्वाराच्या हाती ब्रेक असतो, नावाड्याच्या हाती सुकाणू असते. परंतु दोराच्या टोकाशी असलेल्या मनुष्याच्या हाती यांपैकी काहीच नसते. स्कीवर उभा राहणारा निदान मूठ सोडून देऊ शकतो व थोडेबहुत वळू शकतो. ट्यूबवर बसलेल्यास तेही साधत नाही. त्याचा वेग, त्याची दिशा आणि त्याचा मार्ग हे सर्व दुसऱ्याच्या हाती असते. म्हणून त्याची सुरक्षितता त्याच्या धैर्यावर वा कौशल्यावर फार थोडी आणि नौकेतील माणसांच्या दक्षतेवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. हे का, ते समजण्यासाठी प्रथम वेगाचा विचार करावयास हवा.

वेग आणि पाण्याचा आघात

स्थिर पाण्यावर फळीवर उभा राहिलेला मनुष्य बुडतो. परंतु तीच फळी किंचित तिरपी धरून वेगाने ओढली असता पुढून येणारे पाणी तिच्या तळाशी आपटून खाली ढकलले जाते, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून फळी वर उचलली जाते. वेग पुरेसा असेपर्यंत हा आधार टिकतो. अर्थात वेग हाच या खेळाचा प्राण आहे. तथापि धोक्याचे मूळही वेगातच आहे.

गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ही गोष्ट उंचीच्या भाषेत मांडली तर अधिक स्पष्ट होईल. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मनुष्याच्या ठायी जेवढी ऊर्जा असते, तेवढी सुमारे १.६ मीटर उंचीवरून पडताना प्राप्त होते. ताशी ३० किलोमीटरला ही उंची ३.५ मीटर, ताशी ४० किलोमीटरला ६.३ मीटर आणि ताशी ६० किलोमीटरला १४ मीटर भरते. पाण्यावर तिरपे घसरत पडणारा मनुष्य ही सर्व ऊर्जा एकदम गमावीत नाही, पाण्यावरून सरपटत जात हळूहळू गमावितो. म्हणूनच बहुतेक वेळा तो सुखरूप राहतो. परंतु डोके किंवा हात खोल रुतला, दोघांची डोकी एकमेकांवर आदळली अथवा मार्गात खांब वा खडक आला, तर ती सर्व ऊर्जा क्षणार्धात शरीरावर येते.

यासाठीच ट्यूबवर मोठ्या माणसांस ताशी ३० किलोमीटरपेक्षा आणि मुलांस ताशी २५ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने ओढू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. स्पर्धेतील निष्णात खेळाडू ताशी ५८ किलोमीटर वेगाने जातात, हे खरे. परंतु त्यांच्यामागे वर्षांचा सराव असतो आणि त्यांचा मार्ग अगोदर आखून मोकळा ठेवलेला असतो.

दोराचे गणित

नौका सरळ जात असते तोवर तिचा व मागील मनुष्याचा वेग सारखाच असतो. नौका वळली की स्थिती बदलते. मागील ट्यूब जडत्वामुळे वळणाच्या बाहेरच्या अंगास फेकली जाते आणि मोठ्या वर्तुळावरून फिरू लागते. समजा, नौका २० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ताशी ३० किलोमीटर वेगाने वळत आहे आणि ट्यूब ३० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जाऊन पोचली आहे. दोघांस एक फेरी करण्यास सारखाच वेळ लागत असेल, तर ट्यूबचा वेग ताशी ४५ किलोमीटर होईल. नौकेतील वेगमापक मात्र ३० हाच आकडा दाखवीत राहील. वेग दीडपट झाल्याने ट्यूबवरील माणसांची ऊर्जा सव्वादोन पट होते. गुराख्याच्या आसुडाचे टोक मुठीपेक्षा कितीतरी वेगाने फिरते, त्यातलाच हा प्रकार होय. तीव्र वळणे घेऊन प्रवाशांस ‘मौज’ देणारा चालक आपण वेग वाढविलाच नाही असे प्रामाणिकपणे सांगू शकेल. तरीही त्याने तो वाढविलेलाच असतो.

दोराची लांबी आणखी एक गोष्ट ठरविते. वीस मीटर लांबीच्या दोरास बांधलेली ट्यूब डाव्या वा उजव्या बाजूस वीस मीटरपर्यंत झोके घेऊ शकते. म्हणजे नौका स्वतः दोन मीटर रुंदीची असली, तरी ती चाळीस मीटर रुंदीचा पट्टा व्यापून चाललेली असते. घाट, खडक, नांगरलेल्या होड्या, मासेमारीच्या जाळ्यांचे बोये व पोहणारी माणसे या पट्ट्याच्या पुष्कळ बाहेर असावयास हवीत. दोराच्या लांबीच्या निदान दुप्पट मोकळे पाणी प्रत्येक बाजूस असावे, असा नियम चालकाने मनाशी बांधला तर तो लक्षात ठेवण्यास सोपा जातो. धरणांच्या जलाशयांत पाण्याखाली बुडालेले झाडांचे बुंधे असतात; पाणी उतरले की ते पृष्ठभागाजवळ येतात. त्यामुळे गेल्या महिन्यात निर्धोक असलेला मार्ग या महिन्यात तसाच असेल, असे धरून चालता येत नाही.

दोराच्या ताकदीचाही विचार करावयास हवा. ट्यूब लाटेवरून उडून पुन्हा पाण्यात आपटली की सैल पडलेला दोर एकदम ताणला जातो, आणि त्या झटक्यात त्यावर माणसांच्या वजनाच्या अनेक पट ताण येतो. अमेरिकेतील जलक्रीडा-उद्योगाच्या संघटनेने यासाठी काही प्रमाणे ठरविली आहेत. एका माणसाच्या ट्यूबचा दोर सुमारे ६८० किलोग्रॅम भार सहन करणारा असावा. दोघांसाठी १,०८०, तिघांसाठी १,५२० आणि चौघांसाठी १,८६० किलोग्रॅम भार सहन करणारा असावा. एकासाठी घेतलेल्या दोरावर चौघांस ओढणे म्हणजे तो तुटण्याची वाट पाहणे होय. ताणलेला दोर तुटला की रबरासारखा उलट झेपावतो आणि नौकेतील माणसास गंभीर जखम करू शकतो. गाठ मारलेल्या दोराची ताकद पुष्कळच घटते. उन्हाने कडक झालेला, तंतू सुटलेला अथवा गाठ मारून सांधलेला दोर म्हणूनच टाकून द्यावा.

दोर बोटांभोवती, मनगटाभोवती अथवा पायाभोवती कधीही गुंडाळू नये. नौका निघताना पाण्यात दोराचे वेटोळे पडलेले असते, आणि ते अंगाभोवती आवळले गेल्यास बोटे तुटण्यापर्यंत प्रसंग येतो. चालकाने प्रथम अगदी सावकाश जाऊन दोर सरळ करून घ्यावा आणि खेळाडूने इशारा दिल्यावरच वेग वाढवावा.

तिसरा मनुष्य

सॅम्युएलसन बंधूंच्या प्रयोगात दोन माणसे होती. आज सुरक्षित खेळास तीन माणसे आवश्यक मानली जातात : चालक, खेळाडू आणि निरीक्षक. निरीक्षकाची गरज एका साध्या हिशेबावरून पटते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी नौका सेकंदास ८ मीटरांहून अधिक अंतर तोडते. चालकाने मागे वळून केवळ तीन सेकंद पाहिले, तर तेवढ्यात नौका २५ मीटर अंतर आंधळेपणाने गेलेली असते. उलट, तो मागे पाहीनासा झाला तर खेळाडू पडल्याचे त्यास कळणार नाही. एक माणूस एकाच वेळी पुढे व मागे पाहू शकत नाही. आरसा थोडे साहाय्य करतो, परंतु माणसाची जागा घेऊ शकत नाही. म्हणून चालकाने केवळ पुढे पाहावे आणि निरीक्षकाने केवळ मागे पाहून, जे दिसेल ते चालकास सांगावे. अमेरिकेतील अनेक राज्यांत असा निरीक्षक कायद्याने आवश्यक केला आहे.

यंत्राच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही. यासाठी हातांच्या खुणा ठरलेल्या आहेत. अंगठा वर केला म्हणजे वेग वाढवा. अंगठा खाली केला म्हणजे वेग कमी करा. हात गळ्यापुढून आडवा फिरविला म्हणजे ताबडतोब थांबा. डोक्यावर थापटले म्हणजे परत किनाऱ्याकडे चला. पडल्यानंतर दोन्ही हात डोक्यावर जोडून धरले म्हणजे मी सुखरूप आहे. ही शेवटची खूण दिसली नाही तर मनुष्य जखमी आहे असे समजूनच पुढील कृती करावी.

येथे आपल्या देशातील वाचकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. आपल्याकडे वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ सामान्यतः ‘ठीक आहे’ असा घेतला जातो. ‘सर्व ठीक ना?’ असे विचारणाऱ्या निरीक्षकास एखाद्या घाबरलेल्या मुलाने अंगठा दाखविला, तर चालक नेमका वेग वाढवील. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच प्रत्येक खूण सर्वांनी एकमेकांस करून दाखवावी.

तरंगणे

पाण्यात शरीराचे बहुतेक वजन पाणीच पेलते. डोके पाण्याबाहेर ठेवण्यासाठी सामान्य प्रौढ मनुष्यास केवळ तीन ते पाच किलोग्रॅम इतक्या अधिक आधाराची गरज असते. जीवरक्षक जाकीट हा आधार देते. पट्टीचा पोहणाराही ते घातल्याशिवाय दोरास हात लावीत नाही, याचे कारण असे की आघाताने बेशुद्ध झालेल्या माणसास आपले पोहणे उपयोगी पडत नाही.

जाकीट अंगास घट्ट बसणारे असावे. ते घालून खांद्यांपाशी धरून वर उचलून पाहावे. हनुवटीच्या वर सरकत असेल तर ते सैल आहे. मोठ्या माणसाचे जाकीट मुलास घातले, तर पाण्यात पडताच जाकीट वर व मूल खाली, अशी अवस्था होते. प्रसंगी हवा भरून फुगणारी जाकिटे नौकेत बसणाऱ्यांसाठी ठीक असली, तरी या खेळासाठी योग्य नव्हेत. वेगाने पडण्याचा आघात त्यांस सोसत नाही, आणि बेशुद्ध मनुष्य ती स्वतः फुगवू शकत नाही. काही किनाऱ्यांवर सफरीच्या अखेरीस केळ्याच्या आकाराचा फुगा मुद्दाम उलटवून प्रवाशांस पाण्यात टाकण्याची रीत आहे. ज्यांस पोहता येत नाही त्यांनी हे आधी विचारून घ्यावे, आणि नको असल्यास तसे स्पष्ट सांगावे.

पंखा आणि अदृश्य वायू

खेळाडू पडल्यानंतरची काही मिनिटे सर्वांत धोक्याची असतात. आता त्याच्याकडे नौका परत येत असते, आणि नौकेच्या मागे पाण्याखाली पंखा फिरत असतो. तीन पात्यांचा पंखा मिनिटास २,००० फेरे करीत असेल, तर एका सेकंदात शंभर वेळा पाते एकाच जागेवरून जाते. त्याच्या तावडीत सापडलेल्या माणसास अंग मागे घेण्यास अवसरच नसतो. यासाठी नियम एकच आहे : चालकाने सावकाश वळून, खेळाडू आपल्या बाजूस व सतत दृष्टीपुढे राहील असे जवळ यावे, आणि त्यास नौकेत घेण्यापूर्वी यंत्र पूर्णपणे बंद करावे. यंत्र केवळ गतिहीन स्थितीत ठेवणे पुरेसे नाही. दांड्यास चुकून धक्का लागला तरी पंखा फिरू लागतो. उलट दिशेने नौका नेऊन पडलेल्या माणसापाशी जाणे तर कटाक्षाने टाळावे. पडलेल्याने एक स्की पाण्याबाहेर उभी धरावी, म्हणजे इतर नौकांस तो दुरून दिसेल.

दुसरा धोका डोळ्यांस दिसत नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूस दोनशे पटींहून अधिक आवडीने धरून ठेवते, आणि मग शरीरास प्राणवायू मिळेनासा होतो. हा वायू नौकेच्या मागील बाजूस, पाण्यालगत साचतो. अमेरिकेतील लेक पॉवेल या जलाशयावर घरनौकांच्या मागे पोहणाऱ्यांचे अशा प्रकारे मृत्यू झाल्यावर २००० साली शासकीय तज्ज्ञांनी त्यांची चौकशी हाती घेतली, आणि या धोक्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले. वायूने भोवळ आलेला मनुष्य निमूटपणे पाण्यात सरकतो. पाहणाऱ्यास तो बुडाला एवढेच दिसते. नौकेच्या मागील फळीस धरून स्वतःस ओढवून घेण्याचा एक प्रकार याच कारणाने घातक ठरला, आणि कॅलिफोर्निया राज्याने २००४ मध्ये कायदा करून त्यास बंदी केली. दोराची लांबी ही म्हणून केवळ सोय नव्हे, तर शुद्ध हवेची हमी आहे. चालू यंत्राच्या मागील फळीवर कोणासही बसू देऊ नये.

आकाशात चढलेला मनुष्य

हवाईछत्रीच्या साहाय्याने नौकेमागे उंच चढण्याच्या खेळास पॅरासेलिंग म्हणतात. १९६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये सुधारलेल्या हवाईछत्र्यांतून त्याची वाढ झाली. येथे पाण्याबरोबर वाऱ्याशीही गाठ असते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की छत्रीवरील व दोरावरील ताण चौपट होतो. मंद वाऱ्यात वर्षभर टिकलेला दोर एखाद्या वावटळीत तुटू शकतो, आणि मग वाऱ्यावर सोडलेल्या छत्रीबरोबर मनुष्य इमारतींकडे वा तारांकडे वाहून जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये या खेळाविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालात जोराचा वारा आणि कमजोर झालेले दोर यांवरच बोट ठेवले आहे. क्षितिजावर ढग दाटू लागले की छत्री खाली उतरवावी. वारा वाढल्यावर ती उतरविणे अधिकच कठीण होते. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हे खेळ बंद ठेवतात, त्यामागे हीच दूरदृष्टी आहे.

निघण्यापूर्वी

आपल्या देशात या विषयाचे पद्धतशीर शिक्षण देण्याची सोय आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था १९९० मध्ये गोव्यात स्थापन झाली. तेथे यांत्रिक नौका चालविण्याचे व जीवरक्षणाचे शिक्षण दिले जाते. परंतु प्रत्येक नौकेपाशी कोणी तज्ज्ञ उभा नसतो. म्हणून किनाऱ्यावर तिकीट घेणाऱ्या सामान्य मनुष्यासही काय विचारावे हे ठाऊक असावयास हवे.

नौकेत मागे पाहण्यासाठी स्वतंत्र मनुष्य आहे काय? चालक शिकलेला व शुद्धीवर आहे काय? जाकीट आपल्या मापाचे आहे काय? दोर धड आहे काय? खुणा सर्वांस ठाऊक आहेत काय? मार्ग मोकळा आहे काय? या सहा प्रश्नांस दोन मिनिटे लागतात. एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर पैसे परत मागण्यात कमीपणा नाही. मुलांच्या वतीने हे प्रश्न आईवडिलांनी व शिक्षकांनी विचारावेत, कारण मूल ते विचारणार नाही.

नौकेतील माणसांनीही एक नियम पाळावा. थांबण्याची खूण पाण्यातून आली की ती का आली हे न विचारता थांबावे. दोराच्या टोकाशी असलेल्या मनुष्याच्या हाती ना ब्रेक असतो, ना सुकाणू. त्याच्यापाशी केवळ हाताची एक खूण असते. ती पाहणारा डोळा आणि ती मानणारा हात नौकेत असेल, तरच तो मनुष्य सुरक्षित आहे असे म्हणता येईल.